तिजोरीची किल्ली आणि आठवड्याचें टिपण

२०२५ सालच्या दसऱ्याची सायंकाळ. सोनें वाटून झालें होतें, आणि घरांतील लहानथोर मंडळी माजघरांत बसली होती. इतक्यांत मेरीलंडहून माझ्या पुतणीचा फोन आला. ती गेलीं कित्येक वर्षें अमेरिकेंत स्थायिक असून, तेथील केंद्र सरकारच्या एका संशोधनशाळेंत रसायनशास्त्राचें काम करते. नमस्कार-चमत्कार झाल्यावर ती आपल्या आईस सहज म्हणाली, "आई, आमचें सरकार कालपासून बंद झालें आहे. मी घरींच आहे."

वहिनींना कांहीं तें उमगेना. "सरकार बंद म्हणजे काय ग? तें काय वाण्याचें दुकान आहे, फळ्या लावल्या कीं बंद?" असें विचारून त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही इतकीं वर्षें शाळेंत नागरिकशास्त्र शिकवलेंत. तुम्हीच सांगा आतां, एवढ्या श्रीमंत देशाचें सरकार बंद कसें पडतें?"

मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें व नागरिकशास्त्राचे तास गरजेपुरते घेत असें, हें वहिनींस ठाऊक आहे. तथापि त्या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं, ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढें सहा आठवडे तें सरकार बंद होतें आणि सहा आठवडे मी त्याचा शोध घेत होतों. त्या शोधांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम एक नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. अमेरिकेच्या विधिमंडळास 'काँग्रेस' म्हणतात; आपल्याकडील पक्षाशीं त्याचा संबंध नाहीं. त्याचीं दोन सभागृहें. एक प्रतिनिधिसभा, तिचे ४३५ सभासद लोकसंख्येच्या प्रमाणांत निवडले जातात. दुसरें सेनेट, त्यांत ५० संस्थानांचे प्रत्येकीं दोन असे १०० सभासद. बेळगांवास वाढलेले श्री. श्री ठाणेदार हे मिशिगन संस्थानांतून २०२२ व २०२४ सालीं याच प्रतिनिधिसभेवर निवडून आले, तेव्हां त्या सभागृहांत मराठी जाणणारा एक माणूस जाऊन बसला आहे, हेंहि येथें सांगण्यास हरकत नाहीं.

आतां मुद्द्याकडे येऊं. आमच्या घरीं माझ्या लहानपणीं तिजोरीची किल्ली आजीच्या कमरेस असे. शेतीचें उत्पन्न आजोबा आणीत, काका कचेरींतून पगार आणीत; परंतु आजीनें जुडगा सोडल्यावांचून एक रुपया बाहेर पडत नसे. अमेरिकेची राज्यघटना ज्यांनीं १७८७ सालीं रचली, त्यांनीं नेमकी हीच व्यवस्था राष्ट्राच्या तिजोरीस लावली. घटनेच्या पहिल्याच कलमांत त्यांनीं असें घातलें कीं, विधिमंडळानें कायदा करून रक्कम नेमून दिल्याखेरीज खजिन्यांतून पैसा काढतां येणार नाहीं, आणि जमाखर्चाचा तपशील वेळोवेळीं प्रसिद्ध झाला पाहिजे. सेनापति राष्ट्राध्यक्ष, अंमलबजावणी करणारा राष्ट्राध्यक्ष. पण किल्ली त्याच्या कमरेस नाहीं. इंग्लंडच्या राजांशीं पार्लमेंटनें शतकानुशतकें जें भांडण केलें, त्याचें हें फळ समजावें. आपल्याकडे कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें सांगितलीं, त्यांत कोशास मानाचें स्थान दिलें, खजिन्यावर डल्ला मारण्याचे चाळीस प्रकारहि मोजून दाखविले. परंतु त्या कोशाचा धनी अखेर राजाच. प्रजेच्या प्रतिनिधींनीं राजास 'हा पैसा अमुक कामास, तमुक रकमेपर्यंत, एवढ्या मुदतींत' असें सांगावें, ही कल्पना त्या ग्रंथांत नाहीं.

या कलमान्वयें पहिला खर्चाचा कायदा २९ सप्टेंबर १७८९ रोजीं झाला. तो एका परिच्छेदांत मावतो. मुलकी कारभारास २,१६,००० डॉलर, युद्धखात्यास १,३७,०००, मागील खजिनामंडळाच्या हुंड्या भागविण्यास १,९०,०००, आणि जायबंदी सैनिकांच्या पेन्शनीस ९६,०००. एकूण ६,३९,००० डॉलर, कीं झालें राष्ट्राचें अंदाजपत्रक! २०२४ च्या आर्थिक वर्षांत तेंच सरकार सुमारें पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च करून बसलें. मात्र यांतील फार मोठा भाग दरसाल मताला येतच नाहीं. वृद्धांचें निवृत्तिवेतन, वृद्धांचे व गरिबांचे औषधोपचार, हे खर्च कायम कायद्यांनीं ठरलेले आहेत आणि ते आपोआप चालतात. कर्जावरचें व्याज तर चुकविल्यावांचून गत्यंतरच नाहीं, आणि त्या वर्षीं तें व्याज संरक्षणखर्चाच्याहि पुढें गेलें. दरसाल जो मंजूर करावा लागतो असा खर्च एकंदराच्या चतुर्थांशाहून थोडासाच अधिक. त्यांतहि जवळजवळ अर्धा सैन्याचा. उरलेल्या भागावर न्यायखातें, विमानतळांवरील नियंत्रक, राष्ट्रीय उद्यानें, शेतकीखातें, शाळांची मदत, आणि आमच्या पुतणीची संशोधनशाळा. एवढा गाजावाजा होतो तो बहुतांशीं या धाकट्या वाट्यावरून.

हा वाटा बारा विधेयकांत विभागलेला आहे. शेतकी एक, संरक्षण एक, वाहतूक व घरें एक, याप्रमाणें. प्रत्येक विधेयकास प्रत्येक सभागृहांत स्वतंत्र उपसमिति. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारीं राष्ट्राध्यक्षांनीं अंदाजपत्रक पाठवावें, अशी कायद्याची अपेक्षा. पुष्कळदां तें उशिरां येतें. त्यानंतर उपसमित्यांनीं खात्यांच्या अधिकाऱ्यांस बोलावून उलटसुलट प्रश्न विचारावे, विधेयकें सिद्ध करावीं, सभागृहांत आणावीं, दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांत मेळ घालावा, राष्ट्राध्यक्षांची सही घ्यावी. आणि हें सारें ३० सप्टेंबरच्या आंत आटपावें, कारण १ ऑक्टोबरला नवें आर्थिक वर्ष लागतें. १९७६ पर्यंत हें वर्ष ३० जूनला संपे. कौटिल्यहि हिशेबनिसांस आषाढी पौर्णिमेस वह्या घेऊन बोलावतो, तेव्हां दोन्हीकडे हिशेबाचा महिना जवळजवळ एकच पडला, हा योगायोग मला मौजेचा वाटला. काम वेळेंत होत नाहीं म्हणून काँग्रेसनें १९७४ सालीं कायदा करून स्वतःस तीन महिने वाढवून घेतले. त्या नव्या पंचांगानुसार पहिलें वर्ष १९७७ चें. तेव्हांपासून सगळीं विधेयकें मुदतींत मंजूर झालीं अशीं वर्षें किती? चार! १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. माझ्या वर्गांतील सर्वांत आळशी विद्यार्थीहि एवढ्या वेळां गृहपाठ चुकवीत नव्हता.

मग उरलेल्या वर्षीं काय करतात? 'मागील वर्षींचा दर तसाच पुढें चालूं ठेवावा' असा कांहीं आठवड्यांपुरता ठराव करतात. वाण्याकडील उधारीस पुढच्या पगारापर्यंत मुदत मागावी, तसा हा प्रकार. एक मुदत संपली कीं दुसरी, दुसरी संपली कीं तिसरी. आणि अखेर नाताळाच्या तोंडावर सगळीं विधेयकें एका गठ्ठ्यांत बांधून एकदम मंजूर करावयाचीं. डिसेंबर २०२० मध्यें असा एक गठ्ठा सभासदांच्या हातीं पडला, त्याचीं पानें ५,५९३, आणि मत द्यावयाचें त्याच दिवशीं. कोणी तो वाचला असेल असें समजणें म्हणजे निव्वळ भाबडेपणा होय.

हें असें कां होतें? येथें मला पुतणीची मोठी मदत झाली. तिनें सांगितलें, "काका, तुम्ही विधेयकें बघूं नका. त्या आठवड्याचें टिपण बघा. मी दर शुक्रवारीं पुढच्या आठवड्याचें टिपण वाचते, आणि त्यावरून मला समजतें, माझा पगार होणार कीं नाहीं."

हें टिपण म्हणजे पुढील आठवड्यांत सभागृहापुढें कोणकोणतीं कामें येणार, त्यांची यादी. प्रतिनिधिसभेंत ती बहुमतवाल्या पक्षाच्या पुढाऱ्याच्या कचेरींतून निघते. आठवड्याच्या अखेरीस अल्पमतवाल्यांच्या प्रतोदानें उभें राहून "पुढील आठवड्याचें काम काय?" असें विचारावें, आणि बहुमतवाल्यांच्या पुढाऱ्यानें उत्तर द्यावें, अशी तेथें पुष्कळ वर्षें रीत होती. आपल्या लोकसभेंतहि संसदीय कामकाजमंत्री पुढील आठवड्याचें सरकारी काम असेंच सांगतात. वरवर पाहतां ही निव्वळ सोयीची गोष्ट. लग्नघरांत कोणत्या दिवशीं हळद आणि कोणत्या दिवशीं सीमांतपूजन हें भिंतीवर लावावें, तशी. परंतु लग्नघरांतहि ज्याच्या हातीं ती यादी असते त्याच्याच तंत्रानें सारें घर चालतें, हें वाचकांस सांगावयास नकोच.

त्या सभागृहाचा आठवडा साधारण असा जातो. सभासद देशाच्या कानाकोपऱ्यांतून सोमवारीं विमानानें येतात, म्हणून पहिलें मतदान बहुधा सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास. तेव्हां निघतात तीं बिनतक्रार कामें: एखाद्या टपालकचेरीस दिवंगत सैनिकाचें नांव देणें, इत्यादि. अशा कामांस चर्चा ४० मिनिटें, उपसूचना नाहीं, आणि मतें दोनतृतीयांश लागतात. खरें वादाचें विधेयक असेल तर तें आधीं नियमसमितीकडे जातें. ही तेरा सभासदांची समिति. नऊ बहुमतवाले आणि चार अल्पमतवाले. सभागृहांत दोन्ही पक्षांत चारसहा जागांचेंच अंतर असलें तरी येथें प्रमाण हेंच. अमुक विधेयकावर किती तास बोलावयाचें, कोणती उपसूचना घ्यावयाची व कोणती दारांतूनच परत पाठवावयाची, हें येथें ठरतें. मंगळवार ते गुरुवार काम चालतें, आणि गुरुवारीं किंवा शुक्रवारीं दुपारीं अखेरचें मतदान होतांच सभासद विमानतळाकडे धांवतात. बारा खर्चविधेयकांना वर्षभरांत अशा किती खऱ्या दिवसांचा वेळ मिळत असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जें विधेयक टिपणांत येत नाहीं, त्याचा पराभव कोणालाच करावा लागत नाहीं. विरुद्ध मत दिल्याचा दोष कोणाच्या माथीं येत नाहीं. तें फक्त येत नाहीं, इतकेंच. निम्म्याहून अधिक सभासदांना एखादी गोष्ट हवी असली, तरी पुढाऱ्यानें ती यादींत घातली नाहीं तर ती तशीच पडून राहते. त्यावर एक उपाय आहे: २१८ सभासदांनीं अर्जावर सह्या करून विधेयक समितींतून ओढून काढावें. परंतु त्यासाठीं बहुमतवाल्या पक्षांतील कांहीं जणांना आपल्याच पुढाऱ्याविरुद्ध नांव घालावें लागतें, आणि तसें धैर्य क्वचितच दिसतें.

सेनेटची तऱ्हा निराळी. तेथें घाई कोणास मान्य नाहीं. बहुतेक कामें सर्वांच्या संमतीनें चालतात. एकानें 'हरकत' म्हटलें तरी अडतें. चर्चा बंद करून मतास जावयाचें तर १९७५ पासून १०० पैकीं ६० मतें लागतात. त्यासाठीं १६ सभासदांच्या सहीचा अर्ज द्यावा, मध्यें एक दिवस जाऊं द्यावा, मग मत घ्यावें, आणि तेंहि जिंकल्यावर आणखी ३० तासांपर्यंत चर्चा चालूं शकते. म्हणजे सोमवारीं सुरू केलेलें काम दोघांचौघांच्या हट्टानें शुक्रवारपर्यंत लांबतें. इतक्या वर्षांत खर्चाचीं विधेयकें वेळेवर कां होत नाहींत, याचें उत्तर मला या दोन टिपणांत सांपडलें. कनिष्ठ सभागृहांत अल्पमतवाल्यांस विचारावें लागत नाहीं, वरिष्ठांत त्यांच्यावांचून पान हलत नाहीं. आणि कायदा होण्यास दोहोंकडून तेंच विधेयक निघालें पाहिजे.

पण वहिनींचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. विधेयक लांबलें, हें समजलें. पण त्यामुळें कचेरीस कुलूप कां?

माझी समजूत अशी होती कीं हें कुलूप घटनेंतच लिहिलेलें असेल. तसें नाहीं. गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकांत तेथील खात्यांना एक खोड लागली होती. वर्षाची रक्कम सहा महिन्यांत उडवावयाची, आणि मग काँग्रेसपुढें येऊन म्हणावयाचें, 'आतां पैसे द्या, नाहींतर सैनिक उपाशी मरतील.' घरांतील उडाणटप्पू मुलगा दुकानदाराकडे उधारी करून ठेवतो, आणि अब्रूसाठीं बापास ती फेडावी लागते, तसेंच. हें थांबविण्यास १८७० सालीं कायदा झाला कीं मंजूर रकमेबाहेर देणें कोणी करूं नये. १८८४ मध्यें आणखी एक पेंच कसला: कोणाकडून फुकटहि काम करून घेऊं नये; कारण आज फुकट राबणारा उद्यां मागील पगाराचा दावा लावतो. अपवाद फक्त मनुष्याच्या जीवास किंवा मालमत्तेस धोका असेल तेवढ्यापुरता.

हा कायदा असूनहि सुमारें शंभर वर्षें कुलूप असें कोणी लावलें नाहीं. १९७०-८० च्या दशकांत खर्चविधेयकें पुनःपुन्हा लांबलीं, मध्यें खंड पडले; तथापि कचेऱ्या थोडी काटकसर करून चालूं राहत, कारण पैसा मागाहून मंजूर होणारच हें सर्वांस ठाऊक असे. मग २५ एप्रिल १९८० रोजीं कार्टरसाहेबांचे महान्यायवादी बेंजामिन सिविलेटी यांनीं अभिप्राय दिला कीं, कायद्याचा शब्द पाहतां रक्कम मंजूर नसेल तर कचेरीनें काम थांबविलेंच पाहिजे. पुढील आठवड्यांत, १ मे रोजीं, व्यापारावर देखरेख करणारें एक मंडळ एक दिवस बंद झालें. जानेवारी १९८१ मध्यें दुसऱ्या अभिप्रायानें जीव-मालमत्तेच्या अपवादाचा अर्थ लावून दिला, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत रेगन यांनीं प्रथमच हजारों नोकरांस घरीं पाठविलें. म्हणजे दोनशें वर्षांच्या घटनेंतील हें कुलूप अवघ्या पंचेचाळीस वर्षांचें, आणि तेंहि विधिमंडळानें नव्हे, एका कायदेपंडितानें सुचविलेलें! मीमांसेचे विद्यार्थी जाणतात कीं विधीचा अर्थ शब्दावरून करावा कीं प्रयोजनावरून, हा वाद जुना आहे. १८८४ चें प्रयोजन उधळ्या खात्यांस आवरण्याचें होतें; त्याच्या शब्दानें मात्र विधिमंडळाच्या उशिराचा दंड कारकुनावर बसला.

माझ्या पुतणीला तो अक्षरशः भोगावा लागला. तिला संशोधनशाळेंत जाण्याची बंदी. घरीं बसून कचेरीचें टपाल उघडण्याचीहि बंदी. "काका, फुकट राबायलासुद्धां मनाई आहे!" असें ती हंसून म्हणाली, पण त्या हंसण्यांत राम नव्हता. तिचे महिनोन्‌महिने जपलेले नमुने शीतपेट्यांत होते. मालमत्तेच्या रक्षणाच्या अपवादांत एका सहकाऱ्यास फक्त त्या पेट्या चालूं आहेत ना, हें पाहण्याची परवानगी मिळाली; नमुन्यांवर काम करण्याची नाहीं. ऑक्टोबरच्या मध्यास अर्धवट पगार हातीं पडला, अखेरीस कांहींच नाहीं. जावई एका खासगी महाविद्यालयांत शिकवितात, म्हणून घराच्या कर्जाचा हप्ता कसाबसा गेला. तिच्या शेजारची एक बाई विमानतळावर प्रवाशांच्या सामानाची तपासणी करते. तिचें काम जीवरक्षणाच्या सदरांत येत असल्यामुळें तिला रोज हजर राहावें लागे, पण पगार नाहीं. ती दिवाळीच्या आठवड्यांत धान्यवाटपाच्या रांगेंत उभी होती. हें ऐकून वहिनींनीं ज्या स्वरांत "इकडून कांहीं पैसे पाठवूं का ग?" असें विचारलें, तो स्वर मी विसरणार नाहीं. वीस वर्षांपूर्वीं पैशाचा ओघ कोणत्या दिशेनें वाहील असें आम्हांस वाटलें होतें, आणि प्रश्न कोणत्या दिशेनें निघाला!

त्या वेळीं वाद होता तो असा. रिपब्लिकन पक्षानें २१ नोव्हेंबरपर्यंत जुन्या दरानें खर्च चालूं ठेवण्याचा ठराव प्रतिनिधिसभेंत १९ सप्टेंबरला २१७ विरुद्ध २१२ मतांनीं मंजूर केला. आरोग्यविम्याच्या हप्त्यांस मिळणारी वाढीव सवलत वर्षाअखेर संपत होती. ती पुढें चालूं ठेवा, तरच आमचीं मतें, असें डेमोक्रॅटिक पक्षानें सेनेटमध्यें म्हटलें. साठ मतें जमेनात. तोच ठराव तेथें चौदा वेळां अडला. आणि प्रतिनिधिसभा? सभापति माइक जॉन्सन यांनीं तिला १९ सप्टेंबरनंतर बोलावलेंच नाहीं. १२ नोव्हेंबरपर्यंत तिच्या टिपणांत मतदानाचें एकहि काम नव्हतें. दोष कोणत्या पक्षाचा, हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. दोन्हीकडील विद्वान् आपापली बाजू ठासून मांडतात. पण कोरें टिपण हेंहि एक मतच असतें, एवढें मी त्या आठवड्यांत शिकलों.

दरम्यान ज्यांना धान्यखरेदीसाठीं सरकारी मदत मिळते अशा सुमारें ४ कोटी २० लाख लोकांची नोव्हेंबरची मदत लांबणीवर पडली, न्यायालयांत खटले उभे राहिले. विमाननियंत्रक पगारावांचून थकले, तेव्हां ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणें सरकारनेंच कमी केलीं. यापूर्वीं २०१८-१९ मध्यें ३५ दिवसांचें कुलूप पडलें होतें, तेव्हां सुमारें ८ लाख नोकर बिनपगारी झाले होते. आणि काँग्रेसच्याच अर्थविषयक कचेरीनें हिशेब केला कीं देशाचें सुमारें ३०० कोटी डॉलरांचें उत्पन्न कायमचें बुडालें. म्हणजे पैसा वांचविण्यासाठीं कुलूप लावावें, आणि पैसाच बुडावा. सभासदांचा स्वतःचा पगार मात्र कायम कायद्यानें नेमलेला असल्यानें तो कधींच थांबत नाहीं. हें ऐकून वहिनींनीं जें म्हटलें तें छापण्याजोगें नाहीं.

या साऱ्यावर आमच्या घरांत एके रात्रीं जेवतांना कडाक्याचा वाद झाला. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "हा घोळ पाहिजे कशाला? राष्ट्राध्यक्षास लोकांनीं निवडलें आहे ना? त्याला खर्च करूं द्यावा." नातवंडांपैकीं एकानेंहि त्याचीच री ओढली. मला तें पटलें नाहीं. निक्सन यांनीं मंजूर झालेला पैसाच खर्च करावयाचें नाकारलें, तेव्हां १९७४ सालीं त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला, हें त्यांना सांगितलें. २०२५ च्या जुलैमध्यें ट्रम्पसाहेबांना आधीं मंजूर झालेले सुमारें ९०० कोटी डॉलर रद्द करावयाचे होते, तेव्हां त्यांनाहि तें विधिमंडळाकडूनच करवून घ्यावें लागलें. आजीची किल्ली एकदां कर्त्याच्या हातीं गेली कीं घरांतील बायकामुलांस कांहीं मागावयास जागा राहत नाहीं. आमच्याच भाऊबंदांतील एका घरीं तें कसें झालें, हें धाकट्यास पुरतें ठाऊक आहे, म्हणून तो गप्प बसला. किल्ली जेथें आहे तेथेंच बरी आहे. कुलूप मात्र किल्लीचा भाग नव्हे. मंजुरीस उशीर झाल्यास जुन्या दरानें कारभार आपोआप चालूं राहावा, अशीं विधेयकें तेथें अनेकदां मांडलीं गेलीं. पण त्यांचा कायदा झाला नाहीं. कारण उघड आहे. कुलपाचा धाक दोन्ही पक्षांस आळीपाळीनें उपयोगीं पडतो.

आपल्याकडे असें कुलूप लागत नाहीं. १ एप्रिलपूर्वीं पूर्ण मंजुरी होत नसेल तर घटनेच्या ११६ व्या कलमानें लेखानुदान घेतां येतें. आणि लोकसभेनें पैसाच नाकारला तर मंत्रिमंडळास जावें लागतें, कचेरीस नव्हे. ही व्यवस्था मला अधिक शहाणपणाची वाटते. परंतु आपण फार मिरवूं नये. २०१८ च्या मार्चमध्यें लोकसभेनें सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेवांचून एकगठ्ठा मंजूर केल्या. तेथें मुदत टळून भांडतात, येथें मुदत पाळून बोलत नाहींत. आमच्या आजीनें न पाहतां जुडगा सोडला असता, तर आजोबांना आनंदच झाला असता.

अखेर ९ नोव्हेंबरच्या रात्रीं सेनेटमध्यें कांहीं डेमोक्रॅटिक सभासद फुटून साठ मतें जमलीं. दुसऱ्या दिवशीं ठराव ६० विरुद्ध ४० मतांनीं मंजूर झाला. बुधवार, १२ नोव्हेंबर रोजीं प्रतिनिधिसभा चोपन्न दिवसांनीं मतदानास जमली आणि २२२ विरुद्ध २०९ मतांनीं त्यावर शिक्का बसला. त्या रात्रीं राष्ट्राध्यक्षांनीं सही केली. ४३ दिवसांचें तें कुलूप तोंपर्यंतच्या सर्वांत लांब मुदतीचें ठरलें. बारांपैकीं तीन विधेयकें, शेतकी, माजी सैनिक व विधिमंडळाचा स्वतःचा खर्च, वर्षभरासाठीं मंजूर झालीं; उरलेल्या नवांस पुन्हा मुदत, ३० जानेवारी २०२६ पर्यंत. मागील पगार देण्याचा कायदा २०१९ पासून होता, पण घरीं बसविलेल्यांस तो लागूं होतो कीं नाहीं अशी शंका ऑक्टोबरांत राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीकडून निघाल्याची बातमी आली होती. या ठरावानें तीहि मिटली.

पुतणीचा फोन आला तेव्हां ती संशोधनशाळेंतून नुकतीच परतली होती. शीतपेटींतील नमुने शाबूत होते. दोन प्रयोगांची वेळ मात्र टळून गेली होती, ते पहिल्यापासून करावे लागणार होते. पगार येत्या आठवड्यांत जमा होईल, असें ती म्हणाली. वहिनींनीं एकच प्रश्न विचारला, "आतां पुन्हा कधीं?" तिनें तारीख सांगितली. वहिनी उठल्या, नव्या वर्षाची दिनदर्शिका नुकतीच घरांत आली होती ती त्यांनीं उघडली, आणि जानेवारीच्या पानावर ३० तारखेभोवतीं कुंकवाच्या बोटानें एक गोल काढला.